सातव्या शतकातल्या पर्शियाचा अभ्यास करून पोट भरेल का?

प्रश्न : माझी मुलगी लातूरला टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय इतिहास. सुरुवातीच्या अरब विजयांमध्ये इराणचं साम्राज्य पूर्ण बुडालं, पण शेजारचं रोमन (बायझंटाईन) साम्राज्य टिकलं, असं का झालं, यावरच पुढे संशोधन करायचं असं ती म्हणते. आम्ही बी.एड. सुचवतोय. या विषयात करिअर आहे का? तिनं कुठून सुरुवात करावी? – एक आई

उत्तर : ताई, मुलीचा प्रश्न वरवरचा नाही. या विषयातले जाणकार आजही त्यावर वाद घालतात, आणि चांगलं संशोधन अशाच नेमक्या प्रश्नातून उभं राहतं. त्यामुळे आधी त्या प्रश्नाबद्दल बोलू, मग पोटापाण्याबद्दल.

दोन्ही साम्राज्यं 602 ते 628 अशी 26 वर्षं एकमेकांशी लढत होती. इराणच्या सासानी फौजांनी 614 मध्ये जेरुसलेम घेतलं, 619 मध्ये अलेक्झांड्रिया घेतलं. मग बायझंटाईन सम्राट हेराक्लियसनं बाजी उलटवली आणि 628 मध्ये इराणचा सम्राट खुस्रो दुसरा आपल्याच माणसांकडून मारला गेला. पुढच्या चार वर्षांत सासानी राजधानी तेसिफोनच्या गादीवर एकामागून एक राजे आले आणि गेले. बोरान आणि आझर्मीदुख्त या दोन राण्याही त्यांत होत्या. 632 मध्ये यझ्दगर्द तिसरा बसला तेव्हा तो अगदी कोवळ्या वयाचा होता आणि मोठी सरदार घराणी आपापलं पाहत होती. शिवाय वाळवंटाच्या सीमेवर पहारा देणारं लख्मी अरबांचं मांडलिक राज्य खुस्रोनं स्वतःच 602 च्या सुमारास मोडीत काढलं होतं.

त्यात भूगोलाची भर पडली. सासानी राजधानी इराकच्या सपाट मैदानात होती आणि तिथलाच महसूल साम्राज्याचा कणा होता. अरबांशी झालेल्या कादिसियाच्या लढाईनंतर तेसिफोन पडलं, 642 मध्ये नहावंदला शेवटची मोठी फौज मोडली आणि 651 मध्ये यझ्दगर्द मर्वजवळ मारला गेला. बायझंटाईनांनीही 636 मध्ये यर्मूकला मार खाल्ला, सीरिया आणि इजिप्त हे सर्वांत श्रीमंत प्रांत गमावले. पण कॉन्स्टँटिनोपल टॉरस पर्वतांच्या आणि समुद्राच्या पलीकडे, भक्कम तटबंदीच्या आत होतं. 717-718 चा वेढाही त्यानं परतवला.

हे पुस्तकी उत्तर झालं. संशोधक व्हायचं तर यातलं प्रत्येक वाक्य कोणत्या कागदावर, नाण्यावर किंवा शिलालेखावर उभं आहे हे तिला स्वतः तपासता यायला हवं, आणि इथेच बहुतेक मुलं अडकतात. ‘फुतूह अल-बुल्दान’ लिहिणारा बलाझुरी 892 च्या सुमारास वारला, दुसरा मोठा इतिहासकार तबरी 923 मध्ये. म्हणजे आपले मुख्य अरबी ग्रंथ घटनांनंतर दोन-अडीचशे वर्षांनी लिहिले गेले. घटनांच्या जवळच्या काळातलं लेखन आहे ते सेबेओसच्या नावावरच्या आर्मेनियन इतिहासात, खुझिस्तानच्या सिरियाक (पूर्वेकडच्या ख्रिश्चनांची अरामी भाषा) वृत्तांतात, ग्रीक मजकुरांत आणि इजिप्तच्या पपायरसांवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदांवर. व्हिएन्नात एक पपायरस आहे, हिजरी 22 चा, म्हणजे 643 चा. अरब सैन्यानं 65 मेंढ्या घेतल्याची ती पावती आहे, ग्रीक आणि अरबी दोन्ही भाषांत. जिंकलेल्या प्रांतात जुने कारकून, जुनी भाषा आणि जुनी वसुली कशी चालू राहिली, हे या एका पावतीतून जेवढं कळतं तेवढं लढायांच्या वर्णनांतून कळत नाही.

म्हणून तिला पहिला सल्ला असा : ‘अरब विजय’ हा संशोधनाचा विषय होऊ शकत नाही, तो फार पसरट आहे. तिनं एक शेजारी साम्राज्य धरावं, त्यातही सासानी. याचं कारण व्यावहारिक आहे. ग्रीक आणि बायझंटाईन अभ्यासाची साधनं भारतात फारच तुटपुंजी आहेत, पण पारशी समाजामुळे पहलवीची, म्हणजे सासानी काळच्या इराणी भाषेची, परंपरा मुंबई आणि नवसारीत टिकून आहे. मुंबईच्या फोर्टमधली के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आणि नवसारीचं मेहेरजी राणा ग्रंथालय, दोन्हीकडे हस्तलिखितं आहेत. सिरियाकसाठी केरळात कोट्टायमला सेंट एफ्रेम संस्था आहे. नाण्यांसाठी तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. विजयानंतर सुमारे अर्धशतक अरब सुभेदार खुस्रोच्याच चेहऱ्याची चांदीची नाणी पाडत होते, फक्त कडेला ‘बिस्मिल्लाह’ घालत होते. खलिफा अब्द अल-मलिकनं 696 पासून निव्वळ अक्षरांची नाणी आणली. एम.ए.च्या प्रबंधासाठी एवढा तुकडा पुरेसा आहे.

भाषा मात्र आत्ताच सुरू करावी, एम.ए.ची वाट पाहू नये. क्रम असा : आधी अरबी, मग फारसी, मग पहलवी. रोज दीड तास दिला तर अभिजात अरबीचं व्याकरण, म्हणजे धातू, त्यांची दहा प्रमुख रूपं आणि विभक्ती, साधारण दोन वर्षांत हाताशी येतं आणि बलाझुरीचा सोपा उतारा शब्दकोश घेऊन वाचता येतो. इथे नेहमी होणारी गफलत म्हणजे आखातात नोकरीला जाणाऱ्यांसाठीचे संभाषणवर्ग लावणं. त्यातून बोलता येतं, पण जेर-जबर (स्वरांच्या खुणा) नसलेलं जुनं पान वाचता येत नाही. वर्ग लावण्यापूर्वी ‘ग्रंथ वाचायला शिकवता का?’ हे विचारून घ्या. पहलवीची अडचण वेगळी. तिच्या लिपीत एकेक अक्षर अनेक ध्वनींसाठी येतं आणि कितीतरी शब्द अरामीत लिहून इराणीत वाचतात. ‘मल्का’ लिहिलेलं असतं, वाचायचं ‘शाह’. हे गुरूशिवाय जमत नाही.

कालगणनाही पहिल्याच वर्षी पक्की करावी. हिजरी वर्ष 354 दिवसांचं असल्यामुळे नुसते 622 मिळवून चालत नाही. तबरी हिजरी 310 मध्ये वारला. 622 मिळवले तर 932 येतं, नऊ वर्षांची चूक. हिजरी आकड्याला 0.97 नं गुणून 622 मिळवा, 923 येतं. महिना हवा असेल तर कोष्टकच बघावं. अरब-सासानी नाण्यांवरचं वर्ष हिजरी असू शकतं, 632 पासूनचं यझ्दगर्दी असू शकतं किंवा यझ्दगर्दच्या मृत्यूपासून मोजलेलंही असू शकतं. टांकसाळ आणि सुभेदाराचं नाव पाहूनच ते ठरवायचं.

आता पैशांचं. महाराष्ट्रात या विषयाचा स्वतंत्र विभाग नाही. तिनं एम.ए. इतिहासात किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या ठिकाणी प्राचीन भारतीय इतिहास आणि पुरातत्त्वात करावं, भाषा जोडीनं चालू ठेवावी. नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचा इतिहासाचा अभ्यासक्रम जवळजवळ पूर्ण भारताचा आहे. सासानींच्या नादात तो मागे पडला तर शिष्यवृत्ती हातची जाईल. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये मिळतात, आणि पीएच.डी.चा काळ घरच्यांवर ओझं न होता निभतो. यूपीएससीचा विचार असेल तर वैकल्पिक इतिहासातलं जागतिक इतिहासाचं प्रकरण युरोपातल्या ‘एनलाइटनमेंट’पासून सुरू होतं; हा अभ्यास तिथे उपयोगी पडत नाही. परदेशात लंडनचं सोआस, ऑक्सफर्ड आणि लायडन इथे हे विषय गंभीरपणे शिकवले जातात. पण तिथे गुणांइतकंच ‘कोणती भाषा किती येते’ हे पाहतात. शिष्यवृत्तीचे अर्ज प्रवेशाच्या आठ-दहा महिने आधी भरावे लागतात, तेव्हा एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत कागद तयार हवेत.

खरं सांगायचं तर एम.ए., पीएच.डी. आणि नोकरी हे सगळं जमेपर्यंत मुलगी तिशीला येईल, आणि कायम प्राध्यापकीच्या जागा कमी आहेत. बी.एड.ला माझा विरोध नाही, फक्त ते एम.ए.नंतर करावं. आत्ता केलं तर भाषेची दोन वर्षं जातील आणि ती नंतर भरून निघत नाहीत. अरबी आणि फारसी नीट आल्या तर अनुवाद, दस्तऐवज वाचन, संग्रहालयांतली सूचीकरणाची कामं असे रस्ते खुले राहतात. महाराष्ट्रात फारसी कागदांचे ढीग आहेत आणि ते वाचणारे फार थोडे.

तिला एक वाट आणखी सांगा, कारण ती आपल्या दाराशी आहे. खलिफा उमरच्या काळात, हिजरी 15 च्या सुमारास, ओमानहून ठाण्यावर आरमार आलं होतं असं बलाझुरी लिहितो. समकालीन पुरावा नाही, त्यामुळे सावधपणे वाचावं. पण 739 च्या सुमाराचा नवसारीचा ताम्रपट दक्षिणेकडे निघालेल्या ताजिकांचा, म्हणजे अरबांचा, पराभव सांगतो. आणि पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीचा शके 848 चा राष्ट्रकूट ताम्रपट तर संजाणचा कारभार पाहणाऱ्या मुहंमद नावाच्या ताजिक अधिकाऱ्याची नोंद करतो. हे संस्कृतात आहे. तिला संस्कृत येत असेल तर या उन्हाळ्यात चिंचणीच्या ताम्रपटाचा छापील पाठ ग्रंथालयातून मिळवून चार पानांचं टिपण लिहायला सांगा आणि ते इतिहासाच्या प्राध्यापकांना दाखवू द्या. एम.ए.च्या मुलाखतीत हे टिपण तिच्या कामाला येईल.