शिलेदार मोठा की बारगीर?

'स्वराज्याचे शिलेदार' असं आपण सरसकट म्हणतो. मग बारगीर म्हणजे त्याहून हलका स्वार का, असं एकानं विचारलं आहे. फरक दर्जाचा नाही, घोडा कुणाचा याचा आहे.

'शिलेदार'चा शिळेशी संबंध नाही. अरबी 'सिलाह' म्हणजे हत्यार. सिलाहदार म्हणजे हत्यारबंद माणूस. मराठीत घासून त्याचा शिलेदार झाला आणि अर्थ ठरला तो पदरचा घोडा, पदरची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा स्वार. 'बारगीर' फारसी आहे. बार म्हणजे ओझं, ते वाहणारा तो बारगीर; म्हणजे मुळात जनावर! पुढे शब्द घोड्यावरून स्वारावर गेला. दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा, आपल्याकडे सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा, तो बारगीर.

आता शिवाजी महाराजांच्या फौजेची रचना पाहा. सभासद बखरीत ती दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी. (हिशेब केला तर हजाऱ्याकडे 1250 स्वार येतात, पण नाव हजारीच.) दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी (पाणी पुरवणारा) आणि एक नालबंद (घोड्यांना नाल ठोकणारा). पागा, म्हणजे सरकारी घोड्यांवरचं घोडदळ, बळकट करायची आणि शिलेदारांना पागेच्या हुकमतीत ठेवायचं, असंही बखर सांगते. नव्या राज्याला हे का हवं होतं, ते उघड आहे. घोडा ज्याचा, मर्जी त्याची. शिलेदाराचा घोडा लढाईत पडला तर त्याची पुंजीच गेली, मग तो जनावर जपून लढणार. शिवाय उद्या तोच घोडा घेऊन दुसऱ्याच्या चाकरीला जायला तो मोकळा. बारगिराला ही सोय नव्हती.

थोडक्यात, महाराजांचा भर बारगिरावर होता. आज मात्र 'विश्वासू शिलेदार' पक्षापक्षांत सापडतात आणि बारगीर हा शब्द आडनावापुरता उरलाय. बंगालनं तो जपला, पण धास्तीनं: 1740 च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या तिथं गेल्या आणि लुटारू मराठा स्वाराला तिकडे 'बर्गी' हेच नाव पडलं.

म्हणून 'स्वराज्याचे शिलेदार' अलंकारिक अर्थानं खुशाल म्हणा. पायदळातल्या मावळ्याला मात्र शिलेदार म्हणू नका. त्याच्याकडे मुळात घोडाच नव्हता.