पॅरिश की टाउनशिप? आधी हे सोडवा

व्हिक्टोरियन काळातल्या एखाद्या इंग्लिश खेड्याचा अभ्यास सुरू करताय, तर पहिल्यांदा ते खेडं पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) होतं की टाउनशिप (मोठ्या पॅरिशचा पोटविभाग), हे ठरवा. दक्षिणेत बहुधा एक गाव म्हणजे एक पॅरिश. उत्तरेत तसं नाही. लँकेशायरच्या व्हॉली पॅरिशमध्ये डझनावारी टाउनशिप होत्या. १६६२ च्या कायद्यापासून अशा टाउनशिप आपापल्या गरिबांच्या मदतीसाठीचा कर वेगळा गोळा करत. असा वेगळा कर घेणारी ठिकाणं १८६६ नंतर स्वतंत्र सिव्हिल पॅरिश, म्हणजे स्थानिक कारभाराच्या पॅरिश, ठरली. चर्चची पॅरिश मात्र त्यामुळे बदलली नाही. नवशिके अडखळतात ते इथेच: बाप्तिस्मा मूळ चर्चच्या नोंदवहीत, जनगणना टाउनशिपच्या नावाखाली. दोन्हीकडे शोधा, टाउनशिपमधलं छोटं चॅपलही (मूळ चर्चच्या हाताखालचं प्रार्थनाघर) बघा.

लोकसंख्येची तुलना करताना शेजारी एकराचा आकडा जरूर लिहा. १८७६ आणि १८८२ च्या कायद्यांनी पॅरिशचे विखुरलेले तुकडे शेजारच्या पॅरिशांना जोडले गेले. एकर बदलले असतील, तर माणसं गाव सोडून गेली असं लगेच मानू नका.

१८४१ च्या जनगणनेत १५ वर्षांवरची वयं सहसा पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत. जन्माची पॅरिश हवी असेल तर थेट १८५१ ची नोंद उघडा.