क्लब की स्कूल व्हॉलीबॉल? कॉलेज रिक्रूटिंगबद्दल जरा लांबच उत्तर

ताई, तुमचा प्रश्न असा की लेक नववीत आहे, स्कूलच्या व्हर्सिटीत (म्हणजे शाळेच्या मुख्य टीममध्ये) घेतलंय, मग शाळेबाहेरच्या खाजगी क्लबवर एवढे पैसे कशाला घालायचे, कॉलेजचे कोच स्कूलच्या मॅचेस बघतीलच की. आम्हालाही इथे अमेरिकेत, डॅलसमध्ये पहिलं वर्षभर असंच वाटायचं.

बघणार कधी, ही खरी अडचण आहे. मुलींचा स्कूल सीझन बहुतेक राज्यांत ऑगस्ट ते नोव्हेंबर, आणि नेमका तेव्हाच कॉलेजचा पण सीझन, म्हणजे तो कोच स्वतःच्या टीमबरोबर बसमध्ये नाहीतर विमानात असतो. वेळ काढून आलाच तरी एका जिममध्ये त्याच्या कामाच्या मुली एक-दोन. क्लबचा सीझन साधारण डिसेंबर ते जून-जुलै, कोच मोकळे, आणि एका कन्व्हेन्शन सेंटरमध्ये डझनावारी कोर्ट मांडलेले, दोन दिवसांत शंभर मुली बघून होतात. स्कूल व्हॉलीबॉल कमी दर्जाचं म्हणून नाही हो, सगळा कॅलेंडरचा खेळ आहे.

पण म्हणून मोठ्या नावाच्या क्लबमागे धावू नका, आम्ही ती चूक केली. एका नावाजलेल्या क्लबने सेकंड टीमची ऑफर दिली, आम्ही हुरळून घेतली, फी हॉटेलं विमानं धरून साडेसात हजार डॉलर गेले आणि लेक बेंचवर बसून टाळ्या वाजवत होती!! बेंचवरच्या मुलीचा व्हिडिओ कॉलेजचा कोच काय बघणार, कप्पाळ? पुढच्या वर्षी साध्या क्लबमध्ये गेलो, तिथे ती पूर्णवेळ लिबेरो (मागच्या रांगेत फक्त बचाव करणारी खेळाडू) खेळली आणि खरी चौकशी तेव्हा सुरू झाली. त्यामुळे ट्रायआउटला आधी विचारा की त्या पोझिशनवर किती मुली घेताय.

दुसरं म्हणजे, कोच टूर्नामेंटला येऊन हिरे शोधत हिंडतात हा गैरसमज काढून टाका, ते घरूनच यादी करून येतात. तुमची लेक त्या यादीत यायला हवी, तर आठवडाभर आधी मेल हवा: ग्रॅज्युएशनचं वर्ष, पोझिशन, जर्सी नंबर, मॅचचं वेळापत्रक, दोन-तीन मिनिटांच्या व्हिडिओची लिंक. मेल तिनेच लिहायचा, तुम्ही नाही (मी एकदा लिहिला होता, उत्तर आलं नाही, बरंच झालं). डिव्हिजन वनचे (कॉलेज खेळांची सगळ्यात वरची पातळी) कोच दहावी संपल्यावर १५ जूनच्या आधी रिक्रूटिंगचं काही बोलू शकत नाहीत, तेव्हा आत्ता उत्तर आलं नाही म्हणून पोरीला रडू देऊ नका. डिव्हिजन थ्रीला (खालच्या पातळीची कॉलेजं) मेल-फोनसाठी ही तारीख लागत नाही.

मग स्कूल सोडायचं का, तर अजिबात नाही. कोच आवडती मुलगी ठरवत आला की स्कूलच्या कोचला फोन लावतो, ही प्रॅक्टिसला कशी असते, हरल्यावर कशी वागते वगैरे. शिवाय आमची क्लबमध्ये फक्त मागच्या रांगेत, पण स्कूलमध्ये गरज पडली म्हणून सेटरही खेळली (स्मॅशसाठी बॉल उचलून देणारी, आपण कॉलेजात ज्याला लिफ्टर म्हणायचो तोच), त्याचा व्हिडिओ उपयोगी पडला. आणि मार्क! डिव्हिजन वनला हायस्कूलचे १६ कोअर कोर्स (इंग्रजी, गणित, सायन्स असे मुख्य विषय) लागतात, त्यातले १० सीनियर वर्ष म्हणजे बारावी सुरू व्हायच्या आत, हे काउन्सेलरकडून आत्ताच तपासून घ्या.

पैशाचं सांगायचं तर क्लबची फी स्कॉलरशिपमधून वसूल होईल या हिशोबाने उतरू नका. पूर्वी डिव्हिजन वनमध्ये टीममागे जास्तीत जास्त १२ स्कॉलरशिप आणि मिळाली तर पूर्णच. २०२५-२६ पासून नव्या सेटलमेंटमध्ये (कॉलेज खेळाडूंच्या खटल्यातली तडजोड) सामील झालेल्या कॉलेजांना टीममध्ये १८ खेळाडूंची मर्यादा आणि पैसे वाटूनही देता येतात, त्यामुळे कुणाला किती हे कॉलेजागणिक वेगळं. डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीग (हार्वर्ड, येलसारखी आठ नामांकित विद्यापीठं) खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. आमची लेक डिव्हिजन थ्रीला खेळते, जे पैसे मिळाले ते मार्कांवर.

तुमची लेक कुठली पोझिशन खेळते आणि उंची किती ते लिहा, मी तिच्या पहिल्या मेलचा नमुना इथे टाकतो, आमच्या लेकीने सतरा वेळा खोडून लिहिलेला आहे.