“माझ्या हाताची चव गेली का हो?”

किमो चालू असलेल्या घरांतून हा प्रश्न मला सारखा येतो, बहुतेक वेळा बायकोकडून नाहीतर सुनेकडून. एवढं जीव ओतून करते आणि हे एक घास घेऊन ताट सरकवतात, मुद्दाम करतात का, की जगायची इच्छाच संपलीये?

नाशिकच्या एका काकूंचं सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. काकांना फुफ्फुसाचा कॅन्सर, सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध चालू. काकू रोज त्यांच्या आवडीचं करायच्या, भरली वांगी काय, मटणाचा रस्सा काय, आणि काका म्हणायचे तोंडात खिळा ठेवल्यासारखं लागतंय.

मी दोघांना एकत्र बसवलं. म्हटलं काकू, तुमच्या हाताला काही झालेलं नाही, किमो भराभर वाढणाऱ्या पेशी मारते आणि जिभेवरच्या चवीच्या पेशी साधारण १०-१४ दिवसांत नव्याने तयार होणाऱ्या, म्हणून त्याही मारल्या जातात, त्यात वासही बदलतो. हे ऐकून काकाच आधी बोलले, “मला वाटायचं हिला वाटतंय मी नखरे करतोय.” म्हणजे दोघंही आपापल्या जागी गप्प राहून कुढत होते, आणि माझ्या मते घरात जेवणापेक्षा हेच जास्त सलत होतं.

मग घरी एक करायला सांगितलं. मुगाचं साधं वरण चार वाट्यांत घ्यायचं, एक तसंच, एकात लिंबू, एकात आमसूल आणि गुळाचा खडा (शुगर असेल तर गूळ नको), एकात तूप-जिऱ्याची फोडणी. वरण कोमट, कारण गरम वाफेचा वास चढतो, आणि चमचा लाकडी नाहीतर प्लास्टिकचा. काकांनी फक्त चाखून बोट दाखवायचं, काकूंनी आग्रह करायचा नाही. आमसूल-गुळाची वाटी रिकामी झाली! किमोच्या पुढच्या फेरीनंतर तीच नको झाली आणि लिंबाची चालली, पण आता काकू ते मनाला लावून घेत नाहीत. मटण बंद केलं, त्याऐवजी अंडं, पनीर, डाळी.

अजून एक, किमोच्या दिवशी पेशंटचा सगळ्यात लाडका पदार्थ अजिबात करू नका. मळमळ त्या पदार्थाला चिकटते आणि उपचार संपल्यावरही तो बघवत नाही, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय आणि फार वाईट वाटतं.

जेवायच्या आधी लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ, चमचाभर खायचा सोडा घालून त्याने चूळ भरली तर तोंडाला बरं वाटतं. तोंडात फोड असतील तर आंबट-तिखट पूर्ण बंद, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असताना कच्ची कोशिंबीर, चटणी द्यायची का ते डॉक्टरांना विचारूनच.

किमो संपल्यावर चव बहुतेकांची काही आठवड्यांत-महिन्यांत परत येते, तोंडा-घशाला रेडिएशन असेल तर जास्त वेळ लागतो. पण वजन भराभर उतरत असेल किंवा पाणीही जात नसेल तर वाट्या मांडत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.