कंपन्या 'अ‍ॅडजस्टेड' नफा का दाखवतात, आणि आयपीओतलं जोखमीचं प्रकरण वाचावं का?

तुम्ही विचारलंय की हिशेबात नफा-तोटा लिहिलेला असताना कंपन्या शेजारी 'अ‍ॅडजस्टेड एबिट्डा' (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा, त्यातूनही काही खर्च वगळून) कशाला मांडतात, आणि आयपीओच्या (शेअर पहिल्यांदा लोकांना विकण्याच्या) कागदपत्रातले पानंच्या पानं रिस्क फॅक्टर्स, म्हणजे जोखमीचे मुद्दे, वाचून काही हाती लागतं का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. लागतं. याच प्रश्नावरून माझ्या आत्येभावाचं आणि माझं कित्येक वर्षं धड बोलणं नाही, त्यामुळे या विषयावर मला गप्प बसवत नाही.

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी अकाउंट्सला होतो. २०१७ साली कंपनीने एसएमई, म्हणजे लहान-मध्यम कंपन्यांसाठीचा, आयपीओ आणला. गुंतवणूकदारांना दाखवायच्या सादरीकरणातले तक्ते माझ्याच टेबलावर तयार झाले. इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण भलेभले गोंधळतात. ऑफर डॉक्युमेंटमधले 'रिस्टेटेड' आकडे ऑडिटर तपासतो. सगळी वर्षं एका लेखापद्धतीत आणून बसवणं हा त्या आकड्यांचा मुख्य हेतू. 'अ‍ॅडजस्टेड' म्हणजे व्यवस्थापनाला जे खर्च नकोसे वाटले ते वगळून उरलेला आकडा.

आमच्याकडे वगळलेल्या खर्चांना 'एकवेळचे' म्हणत. एका वर्षी ठेकेदारी कामगारांशी झालेल्या समझोत्याची रक्कम, दुसऱ्या वर्षी शेड हलवण्याचा खर्च, तिसऱ्या वर्षी मोडलेल्या डाय, म्हणजे साचे. आणि तिन्ही वर्षी, न चुकता, माल नापास झाला म्हणून ग्राहकाने लावलेल्या डेबिट नोटा, म्हणजे बिलातून कापलेल्या रकमा. मी साहेबांना विचारलं, दरवर्षी येणारा खर्च एकवेळचा कसा? ते म्हणाले, "प्रत्येक नोट वेगळ्या भागाची आहे ना, मग प्रत्येक एकवेळचीच." हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. नापास माल हा कारखान्याचा रोजचा खर्च आहे, वीजबिलासारखा.

पण खरी गोष्ट डेबिट नोटांची नाही. आमची निम्म्याहून जास्त विक्री एकाच ग्राहकाला होती. इश्यू उघडायच्या दोनएक महिने आधी त्या ग्राहकाने दुसरा व्हेंडर मंजूर केला आणि आमचं शेड्यूल, म्हणजे ठरलेली मालाची मागणी, एक तृतीयांशाने कापल्याचं पत्र पाठवलं. रिस्क फॅक्टर्समधला तिसरा मुद्दा मात्र होता तसाच राहिला: या ग्राहकाची मागणी घटल्यास आमच्या व्यवसायावर विपरीत परिणाम होऊ शकतो. 'होऊ शकतो.' झालेला होता! मी पत्र घेऊन साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, शेड्यूल वरखाली होतंच, आणि ते प्रकरण वाचतंय कोण?

ही सवय आमच्याच कंपनीला होती असं नाही. फेसबुकला केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडून वापरकर्त्यांच्या माहितीचा गैरवापर झाल्याचं २०१५ मध्येच कळलं होतं. पण पुढची दोन वर्षं त्यांच्या जोखमीच्या प्रकरणात 'गैरवापर होऊ शकतो' एवढंच छापून येत राहिलं. त्यावर अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने, एसईसीने, जुलै २०१९ मध्ये कारवाई केली आणि कंपनीने १० कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. म्हणजे 'शकतो' या एका शब्दाला काय किंमत असते ते बघा.

साहेबांशी ते बोलणं झालं त्याच आठवड्यात आत्येभावाचा, दादाचा, सांगलीहून फोन आला. एसटीतून नुकताच निवृत्त झालेला, हातात ग्रॅच्युइटीचे पैसे. "तुझीच कंपनी आहे, घेऊ का?" मी म्हणालो, दादा, मी आत बसलोय, मला बोलता येत नाही, कायद्याने येत नाही. पण आरएचपी (आयपीओचं माहितीपत्रक) उतरवून घे आणि रिस्क फॅक्टर्समधला तिसरा मुद्दा नीट वाच. यापेक्षा जास्त मी काय सांगू शकत होतो? त्याने चाळलं. परत फोन करून म्हणाला, "अरे, त्यात भूकंप पण लिहिलाय, युद्ध पण लिहिलंय. सगळ्यांचं सारखंच असतं ते." आणि १,२०,००० रुपयांचा शेअरचा एक लॉट (किमान गट) घेतला. दीड वर्षात त्याचे चाळीस हजारही उरले नाहीत. तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असो, माझ्याबद्दल एकच वाक्य असतं: घरचा माणूस आत होता, पण सांगितलं नाही.

दादा म्हणतो त्यात एवढं खरं आहे की निम्मं प्रकरण साच्यातलं असतं. भूकंप, मंदी, सरकारी धोरण, साथीचे रोग हे सरळ सोडून द्या. ज्या मुद्द्यात आकडा आहे तिथे थांबा. सेबीच्या नियमानुसार जोखमी महत्त्वाच्या क्रमाने लावाव्या लागतात आणि मोजता येईल तिथे परिणाम पैशात सांगावा लागतो, म्हणून पहिले आठ-दहा मुद्दे कामाचे. पहिल्या पाच-दहा ग्राहकांचा विक्रीतला वाटा, कोर्टकज्ज्यांचा तक्ता, प्रवर्तकांच्या इतर कंपन्यांशी व्यवहार, ऑडिटरचे शेरे, आणि कामकाजातला रोखप्रवाह (धंद्यातून प्रत्यक्ष हाती आलेली रोकड) कुठल्या वर्षी उणे होता का, एवढं वाचायला एक संध्याकाळ पुरते. ग्रॅच्युइटीच्या पैशांसाठी एक संध्याकाळ फार नाही, दादा.

आता तुमचा पहिला प्रश्न. अ‍ॅडजस्टेड आकडा का दाखवतात? कारण तो बरा दिसतो. वीवर्कचं २०१७ चं 'कम्युनिटी अ‍ॅडजस्टेड एबिट्डा' २३.३ कोटी डॉलर होतं आणि त्याच वर्षीचा निव्वळ तोटा ९३.३ कोटी डॉलर. ऑफिसं चालवणाऱ्या कंपनीने जाहिरात आणि मुख्यालयाचा खर्चही वगळला, तर उरतं ते काय? आपल्याकडे पेटीएमने डिसेंबर २०२२ च्या तिमाहीत 'ईसॉप (कर्मचाऱ्यांना दिलेले शेअर) खर्चापूर्वीचा एबिट्डा' ३१ कोटी रुपये नफ्यात आल्याचं जाहीर केलं. त्याच तिमाहीत निव्वळ तोटा ३९२ कोटी होता. त्यांनी काही लपवलं नाही, दोन्ही आकडे छापलेले होते. पण ईसॉप हा पगारच आहे, फक्त तो भागधारकांच्या हिश्श्यातून जातो. तो वगळून नफा मोजायला माझा विरोध आहे.

वाचायची रीत सोपी आहे. अ‍ॅडजस्टेड आकड्यापासून निव्वळ नफ्यापर्यंतचा ताळमेळ शोधा. पाच वर्षांचे 'एकवेळचे' खर्च एका कागदावर उतरवा. तोच खर्च तीनदा दिसला तर स्वतःच्या हाताने तो परत नफ्यातून वजा करा, आणि शेजारी कामकाजातला रोखप्रवाह लिहा. अमेरिकेत २००३ पासून रेग्युलेशन जी नावाच्या नियमाने हा ताळमेळ देणं सक्तीचं आहे. आयएफआरएस १८ हे नवं आंतरराष्ट्रीय मानक २०२७ पासून लागू होतं, त्यात असे आकडे हिशेबाच्या टिपांमध्येच द्यावे लागतील, म्हणजे ते ऑडिटखाली येतील. हे फार आधी व्हायला हवं होतं.

एक राहिलं. प्रत्येक अ‍ॅडजस्टमेंट म्हणजे बनवाबनवी नव्हे. झोमॅटोच्या (आता इटर्नल) व्याख्येत ईसॉपचा खर्च नफ्यात परत जमा धरतात हे मला आवडत नाही, पण नव्या लेखानियमांमुळे घसारा आणि व्याज म्हणून दाखवलं जाऊन एबिट्डातून निसटणारं भाडं ते त्यात वजा करतात, म्हणजे आकडा स्वतःहून कमी करतात. कारखान्याला आग लागली तर तो खर्च खरंच एकवेळचा. आणि मी सल्लागार नाही, वीस वर्षं हिशेब लिहिलेला माणूस आहे.

दादाला मी अजूनही म्हणतो की तू वाचायला हवं होतंस. तिसऱ्या मुद्द्याखाली तक्ता होता, त्या ग्राहकाचा विक्रीतला वाटा तीन वर्षांत ४१, ४९, ५८ टक्के असा चढत गेलेला. पण शेड्यूल कापल्याचं पत्र त्या कागदपत्रात कुठेच नव्हतं. ते माझ्या फाइलला होतं, आणि साहेबांच्या केबिनमधून परत आल्यावर मी ते तिथेच लावून ठेवलं.