आकाशातला हिरवट गोळा नेमका कोठे पडला?

प्रश्न : रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी देत असताना वायव्येकडे एक हिरवट, अतिशय तेजस्वी गोळा सरकत गेला. क्षणभर पंपघराची सावली जमिनीवर पडली आणि चार-पाच सेकंदांत तो टेकडीमागे दिसेनासा झाला. आवाज मात्र आला नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाहीकडे पडला तसा हाही उपग्रहाचा तुकडा असावा, असे गावात म्हणतात. टेकडीपलीकडे शोधल्यास काही सापडेल का?
– एक वाचक, पारनेर

उत्तर : आपण पाहिला तो बहुधा अग्निगोल, म्हणजे शुक्राहूनही तेजस्वी अशी उल्का असावी. असे म्हणण्याचे मुख्य कारण आपण सांगितलेला अवधी हे आहे. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि पुढची हवा दाबली जाऊन तापल्याने काही सेकंदांतच जळून जाते. पृथ्वीभोवती फिरणारे रॉकेटचे अवशेष सेकंदाला आठ किलोमीटरहून कमी वेगाने, जवळजवळ आडवे येतात. त्यामुळे २ एप्रिल २०२२ रोजी महाराष्ट्रातून दिसलेले तुकडे एका रांगेत, सावकाश जाताना लोकांनी पाहिले. सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सापडलेले धातूचे मोठे कडे हे त्यांपैकीच असून ते चिनी रॉकेटच्या टप्प्याचे असल्याचे मत खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी मांडले होते. हिरवट रंगावरून मात्र फारसा निष्कर्ष काढू नये.

टेकडीपलीकडे शोधण्याचे श्रम घेऊ नयेत. जमिनीपासून ६० किलोमीटर उंचीवर विझलेला गोळा क्षितिजापासून दहा-बारा अंशांवर दिसत असेल, तर तो पाहणाऱ्यापासून सुमारे ३०० किलोमीटर दूर असतो. पारनेरहून वायव्येला एवढे अंतर म्हणजे जवळजवळ सुरत. तेथून आवाज निघाला तरी यायला पंधरा मिनिटे लागतील, आणि इतक्या दुरून तो सहसा ऐकूच येत नाही. जवळच्या अग्निगोलाचाही आवाज उशिराच येतो. रशियातील चेल्याबिन्स्क येथे १५ फेब्रुवारी २०१३ रोजी प्रकाश पाहून लोक खिडक्यांशी गेले आणि मिनिटाहून अधिक काळाने आलेल्या धक्क्याने फुटलेल्या काचांनी शेकडो जण जखमी झाले. म्हणून असा गोळा जवळून गेल्यासारखा वाटला, तर काही मिनिटे काचेपासून दूर राहणेच शहाणपणाचे.

आपली नोंद मात्र मोलाची आहे, कारण दोन-तीन दूरच्या ठिकाणांहून दिशा कळल्याखेरीज उल्केचा मार्ग काढता येत नाही. त्याच जागी दिवसा उभे राहून, गोळा कोठे दिसू लागला व कोठे विझला, हे विजेच्या खांबाच्या किंवा झाडाच्या आधाराने ठरवावे, छायाचित्र घ्यावे आणि वेळेसह ती माहिती आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावरील अर्जात भरावी. जवळच्या पेट्रोल पंपाच्या सीसीटीव्हीत आकाशाचा भाग येत असेल, तर आधी तेथे जावे. ते चित्रीकरण थोड्याच दिवसांत आपोआप पुसले जाते.