‘बघू’ म्हणणाऱ्या कंत्राटदारासाठी किती थांबणार?

पुण्याजवळच्या रिसॉर्टमध्ये कंत्राटदारामार्फत तुमचं माळीकाम. जून 2024 मध्ये तळ्याकडच्या उतारावर, बसून चालवायचं गवत कापायचं मशीन उलटलं आणि घोट्याचा चुरा झाला. फांद्यांना अडकतो म्हणून मशीनचा रोलबार, म्हणजे उलटल्यावर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान, मुकादमानेच काढून ठेवला होता. चाळीस हजार हातावर ठेवून कंत्राटदाराने स्टॅम्प पेपरवर ‘काही तक्रार नाही’ लिहून घेतलं. आता एप्रिल 2026 मध्ये तुम्ही विचारता, केस होईल का? अशी पत्रं सारखी येतात, मशीन तेवढं बदलतं.

होईल, पण जूनच्या आत. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, 1923 च्या कलम 10 प्रमाणे अपघातापासून दोन वर्षांत नुकसानभरपाई आयुक्तांकडे दावा दाखल व्हायला हवा. मोजणी अपघाताच्या तारखेपासून होते. घोट्यात बसवलेली प्लेट कधी काढली किंवा कंत्राटदाराने फोन उचलणं कधी बंद केलं, त्यावरून नाही. पुरेसं कारण असेल तर उशीर माफ होतो, पण ‘साहेब बघू म्हणत होते’ हे पुरेसं कारण ठरेल, याची हमी मी देणार नाही. कुणाच्या भरवशावर पावणेदोन वर्षं घालवलीत?

स्टॅम्प पेपरला घाबरू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कलम 17 ने रद्दबातल ठरतो. आकडाच बघा: वय 35, पगार 15,000, कमाईची क्षमता समजा 30 टक्के घटली, तर 15,000 च्या 60 टक्के गुणिले 197.06 (हा त्या वयासाठी कायद्यात दिलेला गुणक), त्याचे 30 टक्के, म्हणजे 5,32,062 रुपये. टक्केवारी डॉक्टर ठरवतील, त्यावर वादही होईल.

कंत्राटदारासोबत रिसॉर्टलाही पक्षकार करा. गवत कापणं हा आमचा धंदाच नाही, असं ते म्हणतील. काम मूळ मालकाच्या धंद्याचा भाग असेल तर कलम 12 खाली तोही भरपाईला जबाबदार असतो; निकाल कुणीकडे झुकेल, कागद पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. रोलबार तुम्हीच मुद्दाम काढला, असाही बचाव येईल, तेव्हा त्या दिवशी कामावर सोबत असलेल्याला साक्षीसाठी आत्ताच गाठा. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापली जात असेल, तर मात्र हा दावा चालणार नाही, ईएसआयकडेच जावं लागेल. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. अपघात त्याआधीचा असल्याने मी जुनाच कायदा धरतोय, पण अर्ज कोणत्या कार्यालयात घेतात ते वकिलाकडून तपासून घ्या.

तारखा पडत राहतील, वर्षं जातील. त्या काळाचं 12 टक्के व्याज मागता येतं. पुण्याला खेटे घालण्याचीही गरज नाही, कलम 21 प्रमाणे तुम्ही राहता त्या लातूर जिल्ह्यातही दावा लावता येतो. अपंगत्वाचा दाखला मिळाला नसला तरी अर्ज आधी दाखल करा, दाखला मागाहून जोडता येईल.